संमीलनाची हिशेबपट्टी

नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांतला एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवायचा तर साधारण दहा हजार टन कोळसा लागतो. रेल्वेच्या हिशेबात अडीच रेक. कळमना स्टेशनावर बिलासपूरकडून येणारी कोळशाची एखादी मालगाडी पूर्ण जाऊ दिली, की अडीच रेक म्हणजे किती हे वेगळे सांगावे लागत नाही. तेवढीच उष्णता ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड रूपांच्या संमीलनातून काढायची ठरवली, तर दिवसाचे इंधन अर्धा किलोही भरत नाही. चारशे-सव्वाचारशे ग्रॅम, बस्स.

या आकड्यात फुगवाफुगवी नाही. ड्यूटेरियमचे एक केंद्रक आणि ट्रिटियमचे एक केंद्रक एकत्र आले की हेलियम तयार होतो, एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि 17.6 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. अडचण आकड्याच्या खरेखोटेपणाची नाही, तो हिशेबाच्या कुठल्या ओळीतला आहे याची आहे. कळमन्याच्या बाजार समितीच्या यार्डात संत्रा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. ढिगावर बोली चढते, भाव फुटतो, तो ऐकून गावाकडे फोनही जातो. मग प्रत, तूट, हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा होत होत पट्टीच्या तळाशी जे उरते, तेवढेच खिशात घालून घरी जायचे असते. संमीलनाच्या बातम्या बहुधा पुकारलेल्या भावाच्या असतात. या पुस्तकातली प्रकरणे तळाच्या आकड्याचा शोध घेतात, आणि म्हणून ती कोळशाच्या राखेत राहणाऱ्या आपल्या भागातल्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटली.

अलीकडची सर्वांत गाजलेली बातमी घ्या. 5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 192 लेसर किरणांचा मारा मिरीएवढ्या इंधनगोळीवर केंद्रित केला गेला. लेसरांनी 2.05 मेगाज्यूल ऊर्जा पोचवली, गोळीतून 3.15 मेगाज्यूल निघाली. दिल्यापेक्षा जास्त मिळाले, असे प्रयोगशाळेत पहिल्यांदाच घडले. विज्ञान म्हणून ही घटना मोठीच. पण ते लेसर चेतवायला वीजवाहिनीतून सुमारे 300 मेगाज्यूल ओढावे लागले होते. घरच्या मीटरवर मोजायचे तर 83 युनिट गेले आणि एक युनिटही पुरते आले नाही. जे आले तेही विजेच्या नव्हे, उष्णतेच्या रूपात. शिवाय तो लेसर संच मुळात अण्वस्त्रांच्या अभ्यासासाठी उभारलेला. वीज विकणे हा त्याचा धंदाच नाही. हे सांगणाऱ्याला लोक रडतराऊ म्हणतात. मला वाटते, ज्याला हा विषय खरोखर आवडतो त्याने तर ही वजाबाकी सर्वांत आधी करावी.

दुसरा मार्ग चुंबकांचा. केंद्रके धनभारित, त्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलतात. त्यांनी जवळ यावे म्हणून वायू इतका तापवायचा की इलेक्ट्रॉन सुटे होऊन त्याचा प्लाझ्मा होतो. कुठल्याही धातूच्या भिंतीला लागला तर तो तिथेच थंडावतो आणि भिंतही खराब करतो, म्हणून कड्याच्या आकाराच्या पोकळ पात्रात त्याला चुंबकीय क्षेत्राने अधांतरी धरायचे. या यंत्राला टोकामाक म्हणतात. कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ ताम आणि साखारोव्ह यांची, 1950 च्या सुमाराची. फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश येथे उभ्या राहत असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामाकात तापमान 15 कोटी अंश सेल्सियसपर्यंत न्यायचे आहे. सूर्याच्या गाभ्यापेक्षा दहापट. सूर्याचे काम कमी तापमानावर भागते, कारण त्याच्याकडे अवाढव्य वस्तुमान आहे आणि त्याला घाई नाही. त्याच्या गाभ्यात एका घनमीटरमागे जेमतेम पावणेतीनशे वॉट उष्णता तयार होते. एवढ्यावर वीज केंद्र चालवता येत नाही.

ईटरचा घोषित हेतू 50 मेगावॉट उष्णता प्लाझ्मात घालून 500 मेगावॉट काढणे, आणि ते साधारण 400 सेकंद टिकवणे. इथेही तीच वजाबाकी. प्लाझ्मात 50 मेगावॉट पोचवायला वाहिनीतून त्याहून बरीच जास्त वीज घ्यावी लागते. अतिसंवाहक चुंबकांना उणे 269 अंशांवर ठेवणारी शीतयंत्रणा, पंप, नियंत्रण हे सगळे वेगळे. ईटर वीज तयार करणारच नाही, तशी सोयच त्यात ठेवलेली नाही. तो प्रयोग आहे. दहापटीचा आकडा वर्तमानपत्रात येताना हे वाक्य बहुतेक वेळा गळून पडते.

या विषयाचा इतिहास जेवढा तापमान वाढवण्याचा, तेवढाच ते मोजण्याचाही आहे. ब्रिटनच्या हार्वेल येथील झीटा या यंत्रात संमीलनाचे न्यूट्रॉन दिसल्याचे जानेवारी 1958 मध्ये जाहीर झाले, मथळे झळकले; काही महिन्यांतच कळले की ते न्यूट्रॉन तापलेल्या वायूतून नव्हे, विद्युत्क्षेत्राने वेग घेतलेल्या मोजक्या कणांच्या टकरींतून आलेले होते. दहा वर्षांनी, 1968 मध्ये, लेव्ह आर्त्सिमोविच यांनी मॉस्कोच्या टी-3 टोकामाकात सुमारे एक कोटी अंश गाठल्याचे सांगितले तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. मग ऐन शीतयुद्धात, 1969 मध्ये, ब्रिटनच्या कल्हम प्रयोगशाळेतले लोक आपली लेसर उपकरणे बांधून मॉस्कोला गेले, त्यांनी स्वतः मोजले आणि रशियनांचा आकडा बरोबर असल्याचे सांगितले. त्यानंतर जगभर टोकामाक उभे राहू लागले. मला या सबंध विषयातला हा प्रसंग सर्वांत आवडतो. आपला काटा घेऊन दुसऱ्याच्या गोदामात जाणे, आणि माल खरा निघाला तर तसे चारचौघांत कबूल करणे, याला मोठे मन लागते.

मापातली चूक काय करते, ते नागपूरकरांनी 30 मे 2024 ला पाहिले आहे. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी पसरली. हवामान खात्याने तपासले तेव्हा सेन्सरमधला बिघाड निघाला. आपला खरा विक्रम 23 मे 2013 चा, 47.9 अंशांचा, आणि तो काही कमी नाही. वाचक म्हणतील, 56 अंशांचा आणि 15 कोटी अंशांचा काय संबंध? दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच पडायला हवा: हे कुणी मोजले, कशाने मोजले, आणि दुसऱ्या कुणी मोजून पाहिले का?

महाराष्ट्राचा या कहाणीतला वाटा एका भाकितापासून सुरू होतो. अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद ऑगस्ट 1955 मध्ये जिनिव्हात भरली, तिचे अध्यक्ष मुंबईचे होमी भाभा होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याची रीत सापडेल असे भाकीत केले. तेव्हा भारतात एकही अणुभट्टी नव्हती. ट्रॉम्बेची अप्सरा पुढच्या वर्षी, 4 ऑगस्ट 1956 ला सुरू झाली. भाभांना हसणे आज सोपे आहे. पण युरेनियमचे विखंडन 1938 च्या अखेरीस सापडले आणि 1942 च्या डिसेंबरात शिकागोत साखळी प्रक्रिया चालूही झाली, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेले होते. चार वर्षांत एवढे झाले, तर वीस वर्षांत ते का होऊ नये? फरक असा की न्यूट्रॉनवर भार नसतो, युरेनियमच्या केंद्रकात शिरताना त्याला अडवणारे कोणी नसते. प्लाझ्मा मात्र चुंबकांच्या पकडीतून निसटायला नवनव्या वाटा शोधत राहतो, आणि 1955 मध्ये त्या वाटांची मोजदादही झालेली नव्हती.

ट्रॉम्बेचे दुसरे प्रकरण 1989 चे. 23 मार्चला अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी जड पाण्यात पॅलेडियमचे विद्युदग्र बुडवून, साध्या टेबलावर, खोलीच्या तापमानाला संमीलन घडवल्याचा दावा केला. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे (बार्क) तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार यांनी हे हसण्यावारी नेले नाही. जड पाणी केंद्राकडे होते, ट्रिटियम मोजणारे हातही होते. तिथल्या अनेक गटांनी प्रयोग केले, काहींना न्यूट्रॉन आणि ट्रिटियम सापडल्याचे त्यांनी कळवले, आणि वर्ष संपता संपता ‘बार्क-1500’ या क्रमांकाचा अहवाल निघाला. जगात इतरत्र मात्र तो प्रयोग कुणालाही हवा तेव्हा हमखास करून दाखवता येईना, आणि विषय बाजूला पडला. तपासून पाहिले यात अय्यंगारांचे काही चुकले असे मला वाटत नाही. ऐकीव बातमीवर टाळ्या वाजवण्यापेक्षा किंवा नाक मुरडण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

आता ज्याविषयी या पुस्तकात सर्वांत जास्त पाने खर्च झाली आहेत त्या ट्रिटियमकडे येतो. ड्यूटेरियमची चिंता नाही. साध्या पाण्यातल्या साडेसहा हजारांच्या आसपास हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो, आणि तो वेगळा काढण्याचे तंत्र आपल्याकडे पक्के आहे. अलिबागजवळ थळ येथे जड पाण्याचा कारखाना 1987 पासून आहे. ट्रिटियमचे तसे नाही. त्याचे अर्धायुष्य 12.3 वर्षे, म्हणून निसर्गात तो साठून राहत नाही. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत तो जोडउत्पादन म्हणून थोडा थोडा तयार होतो, आणि जगातला नागरी वापराचा साठा काही दशक किलोंपलीकडे जात नाही; त्यातला बराचसा कॅनडात. आता कोराडीच्या त्या एका संचाकडे परत जा. सव्वाचारशे ग्रॅमपैकी अडीचशे ग्रॅम ट्रिटियम. रोज. वर्षाला नव्वद किलो. म्हणजे एकच संच जगाचा साठा वर्षाच्या आत फस्त करील.

त्यामुळे संमीलन केंद्राला आपले ट्रिटियम आपणच पिकवावे लागणार. रीत कागदावर सोपी आहे. प्रत्येक संमीलनातून निघणारा न्यूट्रॉन लिथियमवर आदळवायचा, की लिथियम फुटून ट्रिटियम आणि हेलियम मिळतो. पण हिशेब फार काटेकोर आहे: एक ट्रिटियम जाळला की एकच न्यूट्रॉन हाती येतो, त्यातून एकच ट्रिटियम परत मिळायचा. काही न्यूट्रॉन पोलादात मुरणार, काही खिडक्यांतून आणि नळ्यांतून निसटणार, तयार झालेला थोडा ट्रिटियम भिंतींत अडकणार, थोडा साठ्यातच विरणार. एकही न्यूट्रॉन वाया घालवायची मुभा नसताना तूट कुठून भरायची? त्यासाठी शिसे किंवा बेरिलियम वापरतात. त्यांच्यावर एक वेगवान न्यूट्रॉन आदळला की दोन बाहेर पडतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने शिसे आणि लिथियमचे वितळलेले मिश्रण आणि लिथियमयुक्त सिरॅमिक दोन्ही वापरणारे आवरण आखले, ते याच तुटीवर उपाय म्हणून. असे पूर्ण आवरण चालत्या संमीलन यंत्राभोवती बसवून, जाळला त्याहून जास्त ट्रिटियम परत मिळवून दाखवण्याचे काम जगात अजून कुणीही केलेले नाही. प्लाझ्मा किती सेकंद टिकला याची बातमी होते. फ्रान्सच्या वेस्ट यंत्राने फेब्रुवारी 2025 मध्ये तो 1,337 सेकंद टिकवला, तेही कौतुकाचेच. पण माझ्या मते संमीलनाचे भवितव्य सेकंदांत कमी आणि या न्यूट्रॉनांच्या जमाखर्चात जास्त अडकलेले आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. ‘स्वच्छ’, ‘अमर्याद’ ही विशेषणे ऐकताना वाटते की संमीलन केंद्र म्हणजे काही तरी वेगळाच कारखाना असेल. तो तसा नसेल. आतली आग बदलेल. पुढे पाणी उकळणे, वाफ, टर्बाइन, जनित्र हेच राहील, आणि निम्म्याहून अधिक उष्णता कुठे तरी टाकून द्यावी लागेल. त्यासाठी पाणी लागते. नागपूरने यावर एक चांगला तोडगा काढलेला आहे. शहराच्या सांडपाण्यातले रोज 13 कोटी लिटर पाणी आपल्याच पूर्व नागपुरातल्या भांडेवाडीत शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची योजना 2015 पासून आहे. पिण्याचे तेवढे पाणी वाचते. उद्या कोराडीच्या जागी संमीलनाची भट्टी आली तरी भांडेवाडीची ही नळवाट लागेलच. ईटरच्या पाण्याने थंड करण्याच्या यंत्रणेचा मोठा भाग भारतानेच दिला आहे, ही गोष्ट इथे सांगून ठेवतो.

राख मात्र नसेल, आणि ती नसण्याचे मोल विदर्भाबाहेरच्या माणसाला पुरते कळणे कठीण आहे. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, नाल्यांत शिरला. संमीलन केंद्रात किरणोत्सर्ग असेल: वेगवान न्यूट्रॉनांनी आतले पोलाद किरणोत्सारी होईल, ठिसूळही होईल, ते भाग यंत्रमानवांकरवी बदलावे लागतील. पण तो कचरा काही दशके किंवा शतकभर सांभाळायचा, हजारो वर्षे नव्हे. आणि भट्टी हाताबाहेर जाण्याची भीती नाही; काही बिघडले तर प्लाझ्मा विझतो. आपण रोज श्वासाबरोबर काय घेतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा व्यवहार वाईट वाटू नये.

भारतात हे काम कुठवर आले? गांधीनगरजवळच्या भाट येथे आदित्य हा टोकामाक 1989 मध्ये सुरू झाला. अतिसंवाहक चुंबकांचा एसएसटी-1 बऱ्याच दुरुस्त्यांनंतर 2013 मध्ये. या कामाचा पाया प्रेधिमान कृष्ण कौ यांनी घातला. डिसेंबर 2005 मध्ये भारत ईटरचा सातवा भागीदार झाला, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर होते. पुढे ईटर-इंडियाची धुरा अनेक वर्षे शिशिर देशपांडे यांनी वाहिली. आपल्या वाट्याला आलेले सर्वांत मोठे काम म्हणजे सगळ्या यंत्राला पोटात घेणारे निर्वात शीतपात्र: सुमारे 29 मीटर उंच, जवळपास तेवढेच रुंद, 3,850 टन स्टेनलेस स्टील. लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा कारखान्यात त्याचे तुकडे झाले, बोटीने फ्रान्सला गेले आणि तिथे जोडले गेले. एवढ्या व्यासावर वेल्डिंग करताना पत्रा सरकू द्यायचा नाही, ही कसबाची गोष्ट आहे. संमीलन म्हटले की समीकरणेच डोळ्यांपुढे येतात. निम्मे काम वेल्डरचे, फिटरचे आणि पंपवाल्याचे आहे.

ईटरचे वेळापत्रक घसरत गेले आहे. 2024 मध्ये जाहीर झालेल्या नव्या आराखड्यानुसार संशोधन 2034 मध्ये सुरू होईल आणि ड्यूटेरियम-ट्रिटियम वापरायला 2039 उजाडेल. गांधीनगरच्या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या वाटचालीत 250 मेगावॉटचे भारतीय प्रात्यक्षिक केंद्र 2060 च्या सुमारास येते. अमेरिकेतल्या खासगी कंपन्या त्याच्या बऱ्याच अलीकडच्या तारखा देतात. हेलिऑनने तर मायक्रोसॉफ्टला 2028 मध्ये वीज देण्याचा करार केला आहे. दिली तर आनंदच. तोवर ती बोली आहे, पट्टी नाही.

आणि खरी स्पर्धा तोवर जागेवर थांबणार नाही. मोठ्या सौर प्रकल्पांची वीज आज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळते, बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याची राज्याची योजना चालू आहे. 2060 मध्ये संमीलनाला कोळशाशी नव्हे, साठवलेल्या सूर्यप्रकाशाशी भावात उतरावे लागेल. त्याची जागा उरेल ती पावसाळ्यातल्या सलग ढगाळ आठवड्यांत, पोलादाच्या आणि खतांच्या कारखान्यांत, रात्रंदिवस चालणाऱ्या शीतगृहांत. ती जागा लहान नाही. पण कोराडीचे जुने संच बंद करावेत की नवे उभारावेत, हा निर्णय संमीलनाच्या आशेवर पुढे ढकलणे म्हणजे पुढच्या पिढीच्या फुप्फुसांवर उधारी करणे होय, आणि या बाबतीत मी पुस्तकातल्या काही प्रकरणांहून जास्त कडक आहे.

वाचनाच्या क्रमाविषयी थोडेसे. ज्यांचे पदार्थविज्ञान दहावीनंतर सुटले त्यांनी प्लाझ्माच्या गणिताचे प्रकरण खुशाल ओलांडावे. टी-3 आणि ट्रॉम्बेची प्रकरणे गोष्टीसारखी वाचता येतात. अभियांत्रिकीच्या मुलांनी जॉन लॉसन यांनी 1957 मध्ये मांडलेल्या अटीपासून सुरुवात करावी: घनता, तापमान आणि उष्णता टिकण्याचा काळ यांचा गुणाकार किती व्हायला हवा, हे ती सांगते. ज्यांना एकच प्रकरण वाचायला सवड आहे, त्यांनी ट्रिटियमचे वाचावे. पुस्तकात प्रत्येक आकड्यापुढे तो प्लाझ्माचा आहे, यंत्राचा आहे की वीजवाहिनीपर्यंत पोचणाऱ्या विजेचा, हे तीन रकान्यांत लिहिले आहे. तिसऱ्या रकान्यात अजून एकही आकडा नाही. ती जागा मुद्दाम कोरी छापली आहे.